फूल रुक्मिणीला, झाड सत्यभामेला

पारिजातकाची कथा आपणां सर्वांच्या कानांवरून लहानपणींच गेलेली असते. नारदमुनींनीं स्वर्गांतून आणलेलें पारिजातकाचें एक फूल श्रीकृष्णांनीं रुक्मिणीला दिलें. तें वर्तमान कानीं येतांच सत्यभामा रुसून बसली. आणि तिची समजूत घालण्यासाठीं भगवंतांना इंद्राशीं युद्ध करून तो वृक्षच मुळांसकट द्वारकेस आणावा लागला. पुराणांतून या कथेचीं निरनिराळीं रूपें आढळतात; परंतु आपल्या घरोघरीं सांगितली जाणारी कथा येथेंच संपत नाहीं. झाड लागलें सत्यभामेच्या अंगणांत. पण फुलांचा सडा पडे तो मात्र रुक्मिणीच्या अंगणांत! येथें ऐकणारीं माणसें हंसतात आणि सांगणाऱ्याचें काम संपतें. मला मात्र पस्तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकवितांना या कथेबद्दल एक प्रश्न नेहमीं पडत असे. सत्यभामेनें हट्टानें झाड मिळविलें खरें; पण पुढें त्याला पाणी कोण घालीत होतें? घरोघरच्या कथेंत त्याबद्दल एक अक्षर नाहीं.

हा प्रश्न कथेपुरताच राहता, तर त्यावर लेख लिहिण्याचें धाडस मीं केलें नसतें. परंतु गेल्या वर्षीं तो आमच्याच घरांत उभा राहिला, आणि थोड्याच दिवसांत त्यानें असें कांहीं स्वरूप धारण केलें कीं, एक ठरलेलें लग्न मोडतें कीं काय, अशी धास्ती घरांतील वडील माणसांस पडली. तेव्हां त्या अनुभवाचा उपयोग चार कुटुंबांस व्हावा, एवढ्याच हेतूनें हे चार शब्द लिहीत आहें.

माघ महिन्यांत आमच्या पुतणीचा साखरपुडा झाला. मुलगा सुशिक्षित, स्वभावानें शांत, आणि आजच्या रीतीप्रमाणें दोघांची ओळख आधींपासूनची. त्यानंतर आठच दिवसांनीं १४ फेब्रुवारी आला. या प्रेमदिनाचें प्रस्थ आपल्याकडे गेल्या तीस-पस्तीस वर्षांतलें. त्या सुमारास मावळ तालुक्यांतील हरितगृहांतून गुलाबाच्या कळ्या पेट्यापेट्यांनीं परदेशीं रवाना होतात, आणि पुण्या-मुंबईच्या चौकांत एकेका फुलाचा भाव भलताच चढतो. आमच्या भावी जावयानें मात्र गुलाब आणला नाहीं. त्यानें चिनी मातीच्या पांढऱ्याशुभ्र, सुबक कुंडींत लावलेलें मोगऱ्याचें रोप आणलें. "गुलाब चार दिवसांत वाळतो, हें राहील," एवढेंच तो म्हणाला.

मला तें बोलणें फार आवडलें. खरें सांगावयाचें तर, मेघदूतांतील यक्षाची मला आठवण झाली. रामगिरीवर एकटा पडलेला तो यक्ष मेघाला आपल्या घराची खूण सांगतो, तेव्हां इतर वैभवाबरोबर दारांतल्या एका लहानशा मंदारवृक्षाचाही उल्लेख करतो. कारण तो त्याच्या पत्नीनें मानलेल्या पुत्राप्रमाणें वाढविलेला असतो. इतक्या दूरवरून त्याला तें रोपटें आठवलें, याचें कारण उघड आहे. तिच्या हातचें रोजचें पाणी त्या झाडांत सांठून राहिलें होतें. प्रेमाची खूण म्हणून जिवंत झाड द्यावें, ही कल्पना कोणी परकी म्हणेल तर मला तें मान्य होणार नाहीं.

कुंडी दिवाणखान्यांत, दूरचित्रवाणी संचाच्या शेजारीं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेंत भरेल अशा बेतानें ठेवण्यांत आली. पहिले आठ दिवस तिचें कौतुक घरांत मावेना. सकाळीं संध्या आटोपली कीं, पंचपात्रींत उरलेलें पाणी मी त्या कुंडींत घालीत असें. पंच्याऐंशी वर्षांच्या माझ्या मातोश्री तांदळाचें धुवण झाडाला फार चांगलें म्हणून तें स्वयंपाकघरांतून मागवून घेऊन दुपारीं घालीत. आणि पुतणी संध्याकाळीं कचेरींतून परत आली कीं, पायांतल्या चपला काढतांच त्या रोपापाशीं जाई आणि मोठ्या प्रेमानें तांब्याभर पाणी घाली. एकाचें दुसऱ्यास ठाऊक नव्हतें.

तिसऱ्या आठवड्यांत पानें पिवळीं पडूं लागलीं. आम्हीं तिघांनींही आपापल्या परी एकच निदान केलें: पाणी कमी पडतें! झालें, पाणी वाढलें. फाल्गुन सरतांना उरलीसुरलीं पानें मलूल होऊन खालीं लोंबूं लागलीं, आणि पाडव्याच्या सुमारास झाडाच्या नांवानें उभ्या होत्या त्या केवळ चार काड्या.

एके दिवशीं सकाळीं देवापुढें बसल्या बसल्या मातोश्री म्हणाल्या, "साखरपुड्याच्या मागोमाग आलेलें झाड वाळलें, हें कांहीं मला बरें लक्षण दिसत नाहीं. पत्रिका पुन्हां एकदां दाखवा." हें ऐकून माझ्या भावजयीच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें, भाऊ चिडून न जेवतांच बाहेर पडला. त्याच रात्रीं पुतणी माझ्या खोलीच्या दाराशीं येऊन उभी राहिली.

"काका," ती म्हणाली, "ते रोज फोनवर विचारतात, मोगरा कसा आहे म्हणून, आणि मी रोज सांगतें, छान आहे, कळ्या धरल्या आहेत."

त्या वाक्यानें मी दचकलों. झाड वाळल्याचें मला तितकें कांहीं वाटलें नव्हतें. परंतु ज्याच्याशीं सारें आयुष्य काढावयाचें, त्याच्याशीं ही मुलगी लग्नाच्या आधींच, एका कुंडीपायीं, रोज खोटें बोलत होती. स्वभावानें ती खोटी नव्हे. तिला भीति वाटत होती. प्रेमानें दिलेली वस्तु तिच्या गळ्यांत लोढण्यासारखी अडकली होती. फूल वाळलें तर तो फुलाचा धर्म. त्याबद्दल कोणी कोणास जाब विचारीत नाहीं. झाड वाळलें तर मात्र तें कोणाच्या तरी हातून वाळतें. फुलाच्या आणि झाडाच्या देणगींतला खरा फरक हा आहे, आणि देणाऱ्यानें तो देण्यापूर्वीं ओळखला पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं मीं ती कुंडी गच्चीवर नेली आणि वर्तमानपत्रावर उपडी केली. मातीचा चिखल झाला होता व त्याला आंबूस वास येत होता. मुळें काळीं पडलीं होतीं. चिमटींत धरतांच त्यांची साल निसटून येई. कुंडी उलटी करून पाहतों तों तिच्या बुडाला भोंकच नव्हतें! दुकानांत ती शोभेसाठीं बनविलेली होती, झाडासाठीं नव्हे.

झाडाच्या मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, हें आपण सहसा लक्षांत घेत नाहीं. मातीच्या कणांमध्यें बारीक पोकळ्या असतात व त्यांत हवा असते. पाणी सांठून राहिलें कीं, ती हवा बाहेर जाते. मुळें गुदमरतात आणि कुजतात. कुजलेल्या मुळाला पाणी शोषून वर पाठवितां येत नाहीं. त्यामुळें सभोंवतीं पाणीच पाणी असूनही पानें तहानलेल्या झाडाच्या पानांसारखीं मलूल होतात; आणि तें पाहून माणूस आणखी पाणी घालतो. आम्हीं तिघांनीं मिळून तें झाड प्रेमानें बुडवून मारलें होतें, आणि दोष चालला होता बिचाऱ्या ग्रहांकडे!

मीं तीं मुळें मातोश्रींपुढें नेऊन ठेवलीं. त्यांनीं चष्मा पुसून तीं नीट पाहिलीं, हुंगलीं, आणि म्हणाल्या, "अग बाई, हें तर कुजलें आहे! पण माझ्या धुवणानें नव्हे हो. तुझ्या संध्येच्या पाण्यानें!" पत्रिकेची गोष्ट त्यानंतर घरांत निघाली नाहीं.

आमचा दुसरा अपराध उजेडाचा. माणसाचा डोळा मोठा उदार आहे. अंगणांत आणि दिवाणखान्यांत त्याला जवळजवळ सारखेंच स्वच्छ दिसतें. परंतु मापून पाहिलें तर भर दुपारच्या उघड्या उन्हांत प्रकाश सुमारें १,००,००० लक्स भरतो, आणि चांगल्या उजळलेल्या कचेरींत अवघा ३०० ते ५०० लक्स. म्हणजे आपणांस जो लख्ख उजेड वाटतो, तो मोगऱ्याला संधिप्रकाशासारखा. मोगऱ्याला रोज पांच-सहा तास प्रत्यक्ष ऊन लागतें. ग्रीष्माच्या तापांतच तो बहरतो. फिलिपाइन्स देशानें १९३४ सालीं याच मोगऱ्याला राष्ट्रीय पुष्पाचा मान दिला, आणि तेथील लोक त्याच्या 'सांपागीता' या नांवाचा संबंध प्रियजनांनीं एकमेकांस दिलेल्या वचनाशीं जोडतात. अशा या वचनाच्या फुलाला आम्हीं भिंतीशीं कोंडून ठेवलें होतें.

येथें थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे. आपल्याकडे झाडाची जागा परसांत किंवा अंगणांत. तुळसदेखील वृंदावनांत, उघड्या आकाशाखालीं. बसावयाच्या खोलींत झाड ठेवण्याचा प्रघात वाढला तो थंड देशांत, आणि त्यास एका योगायोगाचा मोठा हातभार लागला. लंडनचे डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांनीं एका बंद बाटलींत कीटकाचा कोश ठेवला होता; १८२९ सालच्या सुमारास त्या बाटलींतल्या ओलसर मातींत नेच्याचें रोप आपोआप उगवून वाढलेलें त्यांस दिसलें. त्यावरून त्यांनीं कांचेच्या बंद पेट्या करविल्या. शहरांतल्या धुरापासून व समुद्रावरील खाऱ्या वाऱ्यापासून रोपांचें रक्षण होऊं लागलें, आणि उष्ण प्रदेशांतील झाडें जहाजांतून जिवंत नेतां येऊं लागलीं. आतां आपलींही अंगणें गेलीं. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांना परस कोठलें? तेव्हां घरांत झाड ठेवावयाचें तर मुळांत दाट अरण्याच्या सावलींत वाढणारीं, किंवा हाल सोसण्याची संवय असलेलीं झाडेंच निवडलीं पाहिजेत.

अशा झाडांत मनी प्लांटचा मान पहिला. ही वेल मूळची पॅसिफिक महासागरांतील मोरेआ नांवाच्या बेटावरची. अरण्यांत मोठ्या झाडांच्या आधारानें ती चढते. म्हणून घरांतला मंद उजेड तिला चालतो. तिचीं पानें हृदयाच्या आकाराचीं, आणि पेर असलेली एक डहाळी पाण्यांत ठेवली तरी तिला मुळें फुटतात. दोन प्रेमी जीवांनीं एका वेलीचे दोन तुकडे करून दोन घरांत वाढवावे, यापरतें स्वस्त आणि सुंदर देणें मला दुसरें दिसत नाहीं. ही वेल चोरून आणली तरच लाभते, अशी एक समजूत आहे. परंतु प्रेमाचा आरंभ चोरीनें करूं नये, असें माझें मास्तरी मत आहे.

दुसरें झाड स्नेक प्लांट. तें पश्चिम आफ्रिकेंतलें. जाड, उभ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या पानांचें. पानांत पाणी सांठवून ठेवीत असल्यामुळें पंधरा दिवस कोणी विचारपूस केली नाहीं तरी तें कुरकुरत नाहीं. नोकरीसाठीं सारखा प्रवास करणाऱ्या माणसाला तें उत्तम. मात्र इंग्रजींत त्याला 'सासूची जीभ' असेंही म्हणतात. वाग्दत्त वधूस तें देतांना चिठ्ठीवर हें नांव लिहूं नये. ज्यांच्या सज्जांत सकाळचें भरपूर ऊन येतें, त्यांनीं मोगरा, गुलाब, जास्वंद यांचा विचार खुशाल करावा. जागा असल्यास मोठ्या पिंपांत पारिजातकही वाढतो, आणि पहाटे त्याचा सडा पडला म्हणजे सत्यभामेचा हट्ट समजूं लागतो.

या झाडांविषयीं सांगितल्या जाणाऱ्या एका गोष्टीवर मात्र विसंबूं नये. 'हें झाड घरांतली हवा शुद्ध करतें' अशी चिठ्ठी पुष्कळ कुंड्यांना बांधलेली असते. अमेरिकेच्या नासा या संस्थेनें १९८९ सालीं बंद पेटींत झाडें ठेवून कांहीं प्रयोग केले होते. त्यांवरून ही समजूत पसरली. परंतु आपलें घर म्हणजे बंद पेटी नव्हे. दारें-खिडक्यांतून हवा सारखी येतजात असते. २०१९ सालीं अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडण्यांत आला. तेव्हां असें दिसलें कीं, या स्वाभाविक हवापालटाइतकें काम झाडांकडून करून घ्यावयाचें तर दर चौरस मीटर जागेस १० ते १००० झाडें ठेवावीं लागतील. मग माणसांनीं राहावयाचें कोठें? झाड द्यावें तें झाड म्हणून. औषध म्हणून नव्हे. आणि ज्या घरांत रांगतें मूल किंवा मांजर असेल, तेथें मनी प्लांट अथवा डिफेनबाकिया देतांना ती कुंडी उंचावर ठेवण्याची सूचना अवश्य द्यावी. या झाडांच्या अंगांत सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. पान चावलें तर तोंडाची आग होते व जीभ सुजते.

आतां देणाऱ्यांस दोन शब्द. गुलाबाचें फूल देतांना त्या व्यक्तीच्या घराची माहिती लागत नाहीं. झाड देतांना ती लागते. तिच्या खोलीला खिडकी कोणत्या दिशेस आहे? ती सकाळीं किती वाजतां बाहेर पडते? घरांत पाणी घालणारे हात किती? ज्यास हे प्रश्न विचारण्याचें सुचत नाहीं, त्यानें तूर्त फूलच द्यावें. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. झाडांची आवड नसलेल्या माणसासही फूलच द्यावें. रुक्मिणीला एक फूल पुरलें होतें. कुंडी घ्यावी ती बुडाला भोंक असलेली. शोभेची हवीच असेल तर साधी कुंडी तिच्या आंत ठेवावी, आणि आंत सांठलेलें पाणी ओतून टाकावें. पाणी घालण्याचें काम एकाच माणसाकडे असावें, आणि त्यानेंही आधीं मातींत दोन पेरें बोट घालून पाहावें. ओल लागली तर त्या दिवशीं पाणी नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, कुंडी हातांत देतांनाच सांगावें, "हें गेलें तरी तें तुझ्या माझ्यामधल्या मायेचें माप नव्हे. तें सुकूं लागलें कीं मला सांग. आपण दोघें मिळून पाहूं." एवढें वाक्य आमच्या घरांत वेळेवर उच्चारलें गेलें असतें, तर एका मुलीच्या महिनाभराच्या रात्री सुखानें गेल्या असत्या.

ती मुलगी शेवटीं बोलली. मुळें पाहून झाल्यावर तिनें त्याच दिवशीं त्याला फोन करून सारें सांगितलें; खोटें बोलल्याचेंही सांगितलें. पलीकडे थोडा वेळ तो गप्प राहिला म्हणे. मग म्हणाला, "तुमच्या घरांत ऊन कोठून येतें, हें मीं तुला विचारलेंच नाहीं. आणि कुंडीला भोंक आहे कीं नाहीं, तेंही पाहिलें नाहीं." रविवारीं तो स्वतः आला. आम्हीं काड्यांची साल नखानें खरवडून पाहिली. चारींचीही आंतून अजून हिरवी होती. तेवढा हिरवा भाग कापून त्यानें ओलसर वाळूंत, सावलींत लावला. त्यांतल्या तीन वाळल्या. चौथीला सहा आठवड्यांनीं मुळें धरलीं, आणि ती साध्या मातीच्या कुंडींत गेली. मार्गशीर्षांत लग्न झालें, तेव्हां मुलीच्या सामानाबरोबर ती कुंडीही सासरीं गेली.

यंदा वैशाखांत मी त्यांच्या घरीं गेलों होतों. पूर्वेच्या सज्जांत मोगरा उभा होता. फार मोठा नव्हे, पण पानांवर तकाकी होती. मीं माझा जुना प्रश्न विचारला, "याला पाणी कोण घालतें?" पुतणी म्हणाली, "सम तारखेस मी, विषम तारखेस हे; आणि तेंही बोट घालून पाहूनच." निघतांना तिनें द्रोणांत सात फुलें बांधून दिलीं व तीं आजीच्या देवांसाठीं न्यावयास सांगितलीं. मातोश्रींनीं तीं मोजून पाहिलीं, हुंगलीं आणि बाळकृष्णाला वाहिलीं. झाड तिच्या दारांत आणि फुलें आमच्या देवघरांत, असा क्रम तेव्हांपासून चालू आहे.